गवतात पडलेला ग्लोव्ह

मित्रांनो, मी बेसबॉलचा एक जुना ग्लोव्ह आहे. आज अंगभर सुरकुत्या आहेत, दोरी दोनदा बदलली आहे. पण आमच्या अँडीला मी एकदा धावताना पाहिलं, ते आठवलं की अजून माझं कातडं तापतं!

अँडी हुदाक पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या गावचा. बाप खाणीत, भाऊ खाणीत. त्याची आई मला हंसाची चरबी चोळायची. त्यामुळे मी इतका मऊ आणि चिकट झालो की आत शिरलेला चेंडू सुटायचं नाव घेत नसे. मोठ्या संघात गेल्यावर सोबती नाक धरून म्हणायचे, "हुदाक, ग्लोव्ह आणलास की रात्रीचं जेवण?"

अँडी मैदानाच्या पार डाव्या टोकाला उभा राहून उंच आलेले चेंडू झेलायचा. त्या काळी रीतच होती, आपली बॅटिंग आली की ग्लोव्ह तिथंच गवतात टाकून आत जायचं. त्यामुळे माझ्या मालकाची बॅटिंग मी कधी पाहिलीच नव्हती. मी आपला दूर गवतात उताणा, समोरच्या संघातल्या कुणाच्या तरी पायाशी. गर्दी ओरडली की जीव खालीवर व्हायचा.

पण अँडीसाठी कुणी ओरडत नसे. झेल घेताना तो वाघ, बॅट हातात आली की शेळी! चेंडू टोलवून मैदानातले चारही बेस, म्हणजे चार ठिय्ये, पळत गाठले की एक धाव; तेच त्याला जमेना. उन्हाळा सरत आला तेव्हा प्रशिक्षक फिनी म्हणाले, "पोरा, आजही धाव नाही काढलीस तर संध्याकाळची गाडी पकड. खाणीत वाट बघतायत तुझी."

शेवटचा डाव आला. दोन्ही संघ बरोबरीत, आमचे दोघे बाद, तिसरा गेला की डाव खलास, आणि बॅटिंगला अँडी. डाव सुरू होताना मला गवतात ठेवून तो पुटपुटला होता, "बस इथं शहाण्यासारखा."

ठक्! चेंडू थेट माझ्याकडे! मित्रांनो, जन्मभर झेलणं हाच माझा धर्म. पण त्या क्षणी मी म्हटलं, देवा, हा कुणाला झेलू देऊ नकोस! समोरच्या संघाचा जाडा मॅक्लिन धापा टाकत आला. चेंडू त्याच्या बोटांना चाटून गेला, टप्पा पडला आणि सरळ माझ्या पोटात शिरला.

मॅक्लिन ओढतो, चेंडू निघेना! "सोड की मेल्या!" तो माझ्यावरच खेकसला. सोडतो कसला? चरबी आईच्या हातची होती. त्याचे सोबती बोंबलत होते, "फेक लवकर! तिसऱ्या बेसवर पोचला तो!" शेवटी वैतागून त्यानं चेंडूसकट मलाच भिरकावलं.

मी उडालो! आणि हवेतून मला पहिल्यांदा बेसवरून धावणारा अँडी दिसला. टोपी उडालेली, तोंड उघडं, पाय जमिनीला लागत नव्हते. मी मैदानाच्या मध्यावर धपकन पडलो आणि तो धुळीत घसरत शेवटच्या बेसवर पोचला. जिंकलो! फिनी नाचत ओरडले, "राहा बाबा, राहा!"

राहिला, पण थोडेच दिवस. पुढच्या वसंतात गुडघा गेला आणि अँडी गावी परतला. खाणीत मात्र नाही, शाळेत मुलांना खेळ शिकवायला.

आता अँडी नाही. त्याच्या नातीनं, रोझालीनं, मला काचेच्या पेटीत ठेवलं आहे. पोरीची माया आहे, रोज धूळ पुसते. पण मित्रांनो, कातडं वापरलं नाही तर तडकतं. जुन्या वस्तू जपायच्या तर त्यांना कामाला लावा. परवा रोझाली बॅट घेऊन अंगणात गेली. मला नुसता आवाज आला, ठक्!

पुन्हा तेच. कुणीतरी मला बाहेर काढा रे, हवेत उंच भिरकावा. पोरीची धाव बघायची आहे मला.