तलावाचं पाणी नेतंय कोण?

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. नका ठेवू. तलावमास्तरांचा स्वतःचाही बसला नव्हता, आणि ते तर समोर उभे राहून डोळे फाडून बघत होते.

नगरपालिकेच्या बागेत, व्यायामशाळेच्या मागे, पोहण्याचा तलाव आहे. मास्तर तो असा जपायचे, जणू त्यांच्या वाडवडिलांनीच खणला होता. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, आणि नजर अशी की पाण्याखाली कुणी जांभई दिली तरी वरून ओरडतील. त्या तलावाचं पाणी कमी व्हायला लागलं. सकाळी पालिकेचा माणूस नळ सोडून निळ्या फरशीपर्यंत काठोकाठ भरून जायचा, संध्याकाळी चांगलं चार बोटं खाली. रोजच्या रोज.

पालिकेचे इंजिनिअरसाहेब आले. काठावर उकिडवे बसले, पाण्यात पेन्सिल बुडवली आणि म्हणाले, "तळ फुटलाय. शनिवारी संध्याकाळी परत येतो. पाणी उतरलेलं दिसलं, की माती टाकून तलावच बुजवायचा. गाड्या उभ्या करायला झकास जागा होईल."

मास्तर साहेबांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. "साहेब, तळ फुटला असता तर सुट्टीच्या दिवशीही पाणी उतरलं असतं की! त्या दिवशी थेंब हलत नाही."

"मग काय, लोक चोरून नेतात?" साहेब हसत हसत गेले.

साहेब थट्टेत बोलले, पण मास्तरांच्या डोक्यात किडा शिरला. लोकच नेतायत. प्रश्न एवढाच, की कोण?

पहिला संशय माळीबुवांवर. अख्ख्या बागेची हिरवळ करपून पापड झालेली, आणि तलावाच्या मागच्या दाराजवळ गुलाब फुललेले कोबीच्या गड्ड्याएवढे!

"बुवा, या वाफ्याला पाणी कुठलं?"

"मास्तर, शपथ घेऊन सांगतो, मी झारीसुद्धा लावली नाही. सकाळी येतो तेव्हा आपोआप ओला असतो. देवाची कृपा."

"देवाला भरायला माझाच तलाव सापडला होय?"

दोघांचं बोलणं बंद झालं. मग मास्तर पेन्शनर पोस्टमनच्या मागे लागले. हा गृहस्थ तासन्‌तास तोंड उघडं टाकून उताणा तरंगायचा. तोंड उघडं कशासाठी? मग पोरांच्या बॅचमधल्या त्या गोबऱ्या गालांच्या जुळ्यांवर नजर गेली. घरीसुद्धा चैन नाही. बायको दुपारी बायकांच्या बॅचला पोहून यायची आणि जेवताना पाण्याच्या तांब्याला हात लावायची नाही. मास्तर घास तोंडात धरून बघत राहायचे. हिला तहान कशी लागत नाही?

शेवटी शुक्रवारी त्यांनी व्यायामशाळेतला वजनकाटा फरफटत आणला. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन. पोस्टमन उलट हलका होऊन निघाला. जुळ्यांच्या गालांत गालच निघाले. उरल्या बायका.

आता, बायकांच्या बॅचला मास्तरांनी आत पाऊल टाकायचं नाही, असा पालिकेचा नियम. काठावर पोहणं शिकवणाऱ्या बाई, आणि मास्तर पुढच्या दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी मात्र ते काटा घेऊन मागच्या दारी जाऊन बसले.

दार उघडलं आणि बाहेर आली ती बाई होती की ओलं अस्वल, हे मास्तरांना सांगता येईना. गळ्यापासून घोट्यापर्यंत लाल-हिरवी लोकर, फुगलेली, गळणारी. ती काट्यावर चढली, काटा एकदा गर्रकन फिरला आणि स्प्रिंग तुटून थेट गुलाबात जाऊन पडली. मागून दुसरं अस्वल, तिसरं अस्वल. चौथं अस्वल म्हणालं, "अहो, तुम्ही इथे काय करताय?"

"अगं, हे काय घातलंयस?"

"पोहायचा पोशाख. स्वतः विणलाय!"

व्यायामशाळेच्या वरच्या हॉलमध्ये पालिकेचाच विणकामाचा मोफत वर्ग चालायचा. गावात स्वेटर घालून झाले, कानटोप्या घालून झाल्या, बागेतल्या बाकांनासुद्धा मोजे चढवून झाले. विणायला काही उरेना, म्हणून विणकामाच्या बाईंनी पोहायचे पोशाख विणायला काढले. कोरडे असताना मापात. पाण्यात गेले की एकेक पोशाख दोन-दोन बादल्या पोटात घेऊन वर येणार! बायका गुलाबांपाशी उभ्या राहिल्या, एकीने एक टोक धरलं, दुसरीने दुसरं, अंगावरच पीळ दिला, आणि वाफ्यात धो धो पाणी.

"चोर सापडले!" मास्तर किंचाळले. "माझं पाणी इथे पिळता?"

"मग कुठे पिळायचं?" पोहणं शिकवणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आत एवढी मोठी पाटी लावलीय. 'कपडे आत पिळू नयेत.' कुणी लावली?"

मास्तरांनी शिट्टी तोंडात घातली, पण ती वाजेना. पाटी त्यांनीच लावली होती, स्वतःच्या हातानं.

शनिवारी पाटी उतरली. बायकांनी पोहून झाल्यावर काठावर ओळीने उभं राहून जो काय पीळ दिला म्हणता! चालू आठवड्याचं पाणी तर आलंच, लोकरीत खोल मुरलेलं मागच्या महिन्याचंही आलं. संध्याकाळी साहेब पेन्सिल घेऊन आले तोवर तलाव काठ सोडून वाहत होता, आणि त्यांचे बूट मोज्यांसकट भिजले.

"नळ सोडला होता का रे?"

"साहेब, नळाची चावी तुमच्या ऑफिसात."

साहेब बूट काढून मोजे पिळत निघून गेले. तलाव वाचला. मास्तरांनी माळीबुवांची माफी मागितली, पोस्टमनला चहा पाजला, आणि त्या दिवसापासून त्यांनी उभ्या जन्मात पुन्हा कुणावर संशय म्हणून घेतला नाही...

"खोटं! साफ खोटं!" ऐकणाऱ्यांच्या मागच्या बाकावरून मास्तरांची बायको ताडकन उठली. "बाकी सगळं मान्य. पण आज दुपारी पोहून बाहेर आले, तर माझा अंबाडा सोडून पिळून बघितला यांनी!"