समाधान झाले असे गृहीत धरून

“माणसं येतात, माणसं जातात, पण माणसाने उभी केलेली यंत्रणा अजरामर असते!”

संचालकसाहेबांनी हात उंचावून हे वाक्य फेकलं आणि त्याच क्षणी माइकने मान टाकली.

साठ माना वळल्या त्या थेट सत्कारमूर्तीकडे. सत्कारमूर्तींनी पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला, टेबलाखाली शिरून एक वायर हलवली, माइकवर टिचकी मारली आणि पँटचे गुडघे झटकत जागेवर येऊन बसले. टाळ्या झाल्या. माइकसाठी.

सत्कारमूर्तींना सगळं कार्यालय रीस्टार्टकाका म्हणे. “एकदा बंद करून चालू करा” हे वाक्य सव्वीस वर्षं त्यांनी वैद्याने पथ्य सांगावं अशा गांभीर्याने म्हटलं होतं. दहातले नऊ रोगी तेवढ्याने बरे होत. दहाव्याने प्लग लावलेला नसे. संगणक विभागाचं नशीबच तसं. सगळं सुरळीत असलं की लोक विचारतात, ही मंडळी दिवसभर करतात काय? आणि बिघडलं की तेच विचारतात, जरा आवाज चढवून.

निवृत्तीचा समारंभ आटोपल्यावर काका आपल्या खोलीत आले, तर त्यांच्या जागी येणारी इंजिनिअरबाई वही उघडून बसलीच होती. वयाने मुलीसारखी, शिस्तीने सासूसारखी.

“काका, पाच वाजता तुमचे अधिकार जाणार. तोवर तक्रारवही समजावून द्या.”

तक्रारवही म्हणजे काकांनी पहिल्याच वर्षी स्वतः बांधलेली यंत्रणा. कुणाचं काही बिघडलं की त्याने संगणकावर नोंद करायची. काम झालं की त्याला पत्र जाई: ‘समाधान झाले का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. पुढे शेरा लिहायला जागा. तीन दिवसांत कुणी काहीच दाबलं नाही, तर दुसरं पत्र जाई: ‘प्रतिसाद न आल्याने आपले समाधान झाले असे गृहीत धरण्यात येत आहे.’

“तक्रारी अठ्ठेचाळीस हजार. ‘नाही’ सातशे. ‘हो’…” बाई थबकली. “शून्य?”

“माणसं कामात असतात गं,” काका म्हणाले. जणू काही त्यांना त्याचं काहीच नव्हतं. पण रोज सकाळी चहाच्याही आधी, रिकाम्या टपालपेटीत हात घालून बघावा तसा हा रकाना ते उघडून बघत. सव्वीस वर्षांत एक तरी ‘हो’ यावा, बस.

“काका, ‘नाही’ दाबलं की तुम्हाला पत्र येतं. ‘हो’ दाबलं की?”

“मलाच येतं.”

“नाही येत. ‘चाचणी-एक’ला जातं, म्हणून मोजलंच जात नाही.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चाचणी-एक! पहिल्या दिवशी बटणं चालतात का बघायला त्यांनीच उघडलेली ती पेटी. दोन्ही बटणांचा पत्ता तिचाच होता. मग ‘नाही’चा पत्ता त्यांनी लगेच बदलला, नाहीतर बोंबाबोंब झाली असती. ‘हो’चं उद्या बघू म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

बाईने पेटी उघडली. न वाचलेली पत्रं: सहा हजार तीनशे बारा.

“मी जरा चहा घेऊन येते,” ती म्हणाली. चहा टेबलावरच होता, पण ती गेली.

काका वाचू लागले. टपाल विभागातल्या बाई: ‘हो. उगाच ओरडले तुमच्यावर. प्लग निघाला होता.’ पहारेकरी: ‘हो. जिना धावत चढू नका, गुडघे जपा.’ कधीही न हसणारे जुने मोठे साहेब: ‘हो. फार छान. हे मी म्हटलं असं कुठे बोलू नका.’ साहेबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. “नाही बोलत,” काका पडद्याला म्हणाले.

आणि मग, अगदी जुन्या पत्रांमध्ये: नोंदणी कक्ष, टेबल चार.

टेबल चार म्हणजे काकांची बायको. तेव्हा बायको नव्हती. आठवड्यातून तीनदा तिचा माऊस बिघडे आणि काका गेले की त्याला काही झालेलं नसे. ‘हो. माऊस सुधारला. गुरुवारी पुन्हा बिघडेल असं वाटतंय.’ ‘हो. बिघडला नाही, पण येऊन बघायला काय हरकत?’ काकांना लग्नाचं विचारायला पुढे अकरा महिने लागले होते.

लग्नानंतर माऊस सुधारला. पत्रं विरळ झाली. एकावर मात्र काकांचा हात थांबला.

‘हो. कीबोर्ड ठीक. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून इथे लिहिते. संध्याकाळी ताई येणार आहेत, येताना दोन लिंबं आणा.’

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. ती आली होती, लिंबं आली नव्हती, आणि नवराबायकोत तीन दिवस अबोला झाला होता.

“मी लिहिलं होतं,” बायको म्हणाली होती.

“कुठे?”

“तुम्हीच सांगता ना, काम असेल तर नोंदवा म्हणून? तिथेच.”

काकांना वाटलं, टोमणा आहे. पुढे एकोणीस वर्षं चारचौघांत त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. “आमच्याकडे लिंबं लिहून मागवतात बरं का!” सगळे हसत. तीही हसे, आणि मग खिडकीबाहेर बघे. तीन वर्षांपूर्वी, दवाखान्यात, अगदी शेवटी शेवटी म्हणाली होती, “पण मी लिहिलं होतं हं.”

“बरं बाई, लिहिलं होतंस.”

“असं गृहीत नका धरू,” ती म्हणाली होती.

काकांनी छपाईचं बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: ‘आपल्याला हा अधिकार नाही.’ पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

इंजिनिअरबाई दारात उभी होती. “काका, आता तुम्ही साधे वापरकर्ते. आणि तुमचं खातं बंद झालं म्हणून तुमच्या चाचणीच्या पेट्याही आज सहाला आपोआप पुसल्या जातील. मोबाइलवर फोटो काढून घ्या ना.”

“नोंदणी कक्षातली होती ती,” काका म्हणाले. “तिला कागदच लागायचा.”

बाईने पडदा वाचला. मग हळूच म्हणाली, “लगेच देते छापून. फक्त तेवढी तक्रार नोंदवा, काका. नोंदीशिवाय कामाला हात लावायचा नाही असा नियम आहे.”

“कुणी केला?”

“तुम्हीच.”

काकांनी प्रिंटरचा रिकामा ट्रे एकदा बघितला, मग ते शेजारच्या संगणकापुढे बसले आणि नोकरीतली स्वतःची पहिली तक्रार दोन बोटांनी लिहू लागले:

‘एक पान छापून हवे आहे. प्रिंटरमध्ये कागद नाही, तेवढा भरावा. समाधान झाले की ‘हो’ मी स्वतः दाबेन. कृपया गृहीत धरू नये.’