अंगावर काढलेलं दुखणं

नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत प्रिस्किला अंडी निवडायच्या कामाला होती. बऱ्याच महिन्यांपासून तिची पाळी सुरू झाली की थांबायचं नाव घेत नव्हती. शेडकडचा चढ चढताना धाप लागायची. नवरा, दानियल, विचारायचा तेव्हा ती म्हणायची, "ऊन लागलं असेल." दवाखान्यात गेलं की काहीतरी निघणार, आणि ते निस्तरायचं कसं, याचीच तिला धास्ती. म्हणून मेडिकलमधल्या गोळ्यांवर ती दिवस ढकलत होती.

त्या वर्षी मालकांनी कामगारांचा आरोग्य विमा उतरवला. वर्षातून एकदा तपासणीही त्यात होती. बहुतेक बायकांनी विम्याचं कार्ड पेटीत जपून ठेवलं. प्रिस्किलाच्या शेजारी बसणारी सरलाबाई मात्र लगेच नंदुरबारला जाऊन सगळं तपासून आली.

सुपरवायझर जगदीश हसला. "कार्ड आलं आणि बायका आजारी पडायला लागल्या!"

"आजारी तं पहिलेपासूनच शेतस, भाऊ," सरलाबाई म्हणाली. "आते दखाडाले जातस, इतलंच."

प्रिस्किलाही तेव्हा सगळ्यांबरोबर हसली. पण त्याच दुपारी तिच्या हातून अंड्यांचा ट्रे निसटला आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. सरलाबाईने तिचे पांढरे पडलेले ओठ पाहिले, पाणी पाजलं आणि हळूच विचारलं. प्रिस्किलाने पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं.

"सकाळी मन्हासंगे चाल. कार्ड शे ना तुन्हापाशी?"

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. अंगात रक्त इतकं कमी, की डॉक्टरीणबाईंनी तिला घरी जाऊच दिलं नाही. आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. दानियल धावत आला तो घाबराघुबरा होऊन. विम्याची मंजुरी येईपर्यंत तो दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीपाशी उभाच होता. मंजुरी आल्याचं कळलं तसा तिथल्याच बाकावर बसून तो रडला.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आलीस. आणखी अंगावर काढलं असतंस तर जिवावर बेतलं असतं."

महिन्याभराने प्रिस्किलाने चर्चमध्ये उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली आणि सरलाबाईला आग्रहाने बोलावलं. डोक्यावर पदर घेऊन सरलाबाई मागच्या बाकावर बसली. प्रिस्किलाने देवाचे आभार मानले, मालकांचे मानले, डॉक्टरीणबाईंचे मानले. मग तिने सरलाबाईचं नाव घेतलं. सगळे मागे वळून पाहू लागले.

बाहेर आल्यावर सरलाबाई लाजून म्हणाली, "मन्हं नाव कसाले लिधं वं?"

प्रिस्किला तिचा हात धरून तिला घरी जेवायला घेऊन गेली. दानियलने सकाळीच चुलीवर कोंबडीचा रस्सा केला होता, आणि पहिलं ताट त्याने पाहुणीपुढे ठेवलं.