पाकातलं लिंबू

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर न्हाई. पाक साच्यात ओतून दुपार झाली, तरी बोट लावलं की चिकट!

माझ्या पोराची पहिली होळी, म्हंजे आमच्या बंजारा तांड्यावर त्याची धुंड, बाळाचा मानाचा सोहळा. लेकराच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची. बाकीचे हिंगोलीहून विकत आणतात. पण माझी सासू अनुसयाबाई चार बायांत म्हणाली, "आमची नीलम कॉलेजात शिकलेली हाय, तिनं घरीच करावी. घट्ट झाली तर धुळवडीनंतर खुशाल परीक्षेला जा. न्हाई तर पुस्तकं गुंडाळून ठेव."

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. लग्नात एक वर्ष गेलंच होतं. हे बुडालं की कॉलेज संपलंच.

"वहिनी, बघून बघून घट्ट होणार हाय का ते?" नणंद निता हसली.

"तू गप गं!" म्हणून मी रागानं बोट चाटलं. अगंबाई, आंबट!

"याडी, पाकात लिंबू कुणी पिळलं?" सासूला मी याडीच म्हणते, म्हंजे आई.

याडी चुलीत लाकडं सारू लागली. माझं तोंड सुटलं, "अवो, साखरेचा कण दोन तुकडे जोडून झालेला असतो. सारखे कण खेटून रांगेनं बसले तरच गाठी कडक होते. आंबटानं अन् आचेनं ते तुटतात, निराळे तुकडे मधी घुसतात, रांगच लागत न्हाई. होळी होऊन जाईल, तरी हे चिकटच!"

"कणाचं मला न्हाई ठावं," ती हळू म्हणाली. "पर लग्नात गुलाबजामच्या पाकात आमी लिंबू पिळतो, साखर धरू नये म्हणूनच."

"मग इथं काहून पिळलं?"

"माझा थोरला पोरगा थावरा शिकाया गेला, तिकडचाच झाला. तू बी गेलीस तर..." तिनं पदर डोळ्याला लावला.

मला राग बी आला, रडू बी आलं. मी दुसरी साखर चुलीवर ठेवली. पाक दाट झाल्यावर खसाखसा घोटला. साच्यात दोरा धरायला याडी आपणहून येऊन बसली. गाठी पांढरीशुभ्र, कडक निघाली.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले, पण पाय काही उचलंनात. पोरगं याडीच्या कडेवर बसून गाठी चोखून राहिलं होतं.

"त्याला दूध पाज आन नीघ, गाडी चुकंल," याडी म्हणाली. मग तोंड फिरवून बोलली, "संध्याकाळी फाट्यावर लेकराला घेऊन मी उभी राहीन."