वाडगा राहिला

दर रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या गोल मांडायचं काम टेलरकाकूंचं. मंडळ त्यांनीच उभं केलेलं. कुणाच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला अंडं, कुणाला दूध. अशा घरांतली माणसं इथे यायची. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायला शिकायची, ॲलर्जी उसळल्यावर द्यायच्या इंजेक्शनची मुदत संपलेली पेनं संत्र्यांत टोचून हात बसवायची. हात बसला की काकू पिवळं कार्ड सही करून द्यायच्या.

एक रिवाज मात्र कडक होता. पेन हातात घेण्याआधी उभं राहून आपली पहिली चूक सांगायची. काय भरवलं, कुणी भरवलं, मग काय झालं. आणि कार्ड मिळालं तरी सुटका नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्या माणसांपुढे ती पुन्हा सांगायची. "लाजेपोटी आपण लपवतो आणि दुसऱ्याचं पोर त्याच खड्ड्यात जातं," असं काकू समजावत. खोटं नव्हतं ते. पण रिवाज घातला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एकच तोंड होतं.

सव्वीस वर्षांनी ते तोंड दारात आलं. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, पण मान अजून तशीच ताठ. काकूंच्या मोठ्या वन्सं.

"अगं वहिनी, तू इथे असतेस?"

"मीच असते इथे, वन्सं. या, बसा."

सव्वीस वर्षांमागे काकूंची लेक चार वर्षांची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेंगदाण्याचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. वन्संनी नाक मुरडलं होतं, "आमच्या घराण्यात असली थेरं नाहीत." एका दुपारी काकू बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसल्या होत्या, आत पोरगी सूप पीत होती. हाक आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. तीन दिवस ती नळीवर श्वास घेत होती. वन्सं म्हणाल्या, मी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नव्हतं. नवरा म्हणाला, ताई खोटं बोलणार नाही. मग उरलं कोण? आई. वन्संच्या बोटांना येणारा कुटाचा वास फक्त काकूंच्या नाकाला आला होता, आणि सुनेच्या नाकाला त्या घरात कोण विचारतो?

लेक वाचली. पण मोठी होईपर्यंत विचारत राहिली, "आई, तू कसं गं दिलंस मला?"

आता वन्संच्या नातवाला तेच निघालं होतं. त्यांच्या सुनेने स्पष्ट सांगितलं होतं, कार्ड आणा, मगच पोर तुमच्याजवळ ठेवीन. तोवर तो पाळणाघरात.

वन्सं उभ्या राहिल्या. सुनेने एक बिस्किट दिलं, पोराच्या अंगावर गांध्या उठल्या, एवढं सांगून बसायला लागल्या.

"ही सुनेची झाली," काकू म्हणाल्या. "तुमची सांगा. पहिली."

"माझी कुठली?"

"आठवेल. घाई नाही."

त्या रविवारी वन्सं पेनाला हात न लावता घरी गेल्या. पुढच्याही. काकूंनी त्यांना रिकाम्या पाकिटांचा ढीग दिला वाचायला.

"दिसत नाही गं एवढं बारीक."

"मलाही तेव्हा काही दिसलं नव्हतं, वन्सं. वाचा."

मंडळातल्या निवृत्त नर्सबाईंनी काकूंना बाजूला घेतलं. "काकू, ताणू नका हो. म्हातारी नातवासाठी येतेय."

"नातू सुखरूप आहे. पाळणाघरातल्या ताईंना मीच कार्ड दिलंय. अडलंय ते आजीचं." आणि घरी जाताना काकू चक्क गुणगुणत गेल्या. कित्येक वर्षांत त्यांना इतकी गाढ झोप लागली नव्हती.

चौथ्या रविवारी वन्संची मान खाली होती. "काल पोरगं माझ्या कडेवर येण्यासाठी रडलं," त्या म्हणाल्या आणि काठीवर भार देऊन उठल्या.

"थांबा." काकूंनी परगावच्या लेकीला फोन लावला, स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. "आता बोला."

"मी… सुपात दोन चमचे कूट घातलं. काही होत नाही, हे वहिनीला दाखवून द्यायचं होतं. पोरीचे ओठ सुजले. ती मला 'आत्या, आत्या' करत होती."

"मग लगेच हाक मारलीत ना?" नर्सबाईंनी विचारलं.

वन्संनी फोनकडे पाहिलं. "आधी वाडगा धुतला. पुसून फळीवर ठेवला. मग हाक मारली."

काकूंना वाटायचं, आपल्याला सगळं ठाऊक आहे. हे ठाऊक नव्हतं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

फोनमधून लेकीचा आवाज आला, "आई… मी तुला किती वर्षं विचारत राहिले गं."

वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "झालं ना समाधान? आता माफ कर मला."

"माफीचं कार्ड आम्ही देत नाही, वन्सं. आमच्याकडे फक्त पिवळं असतं."

काकू बाजूच्या मोरीतून एक खरकटा वाडगा घेऊन आल्या. तो वन्संच्या पुढ्यात ठेवला, त्याच्या पलीकडे पेन, त्याच्या पलीकडे संत्रं. "पोराचे ओठ सुजलेत. उचला."

वन्संचा हात वाडग्यावर येऊन थबकला, मग पुढे गेला.

"उशीर झाला. पुन्हा."

तीस वेळा. संत्र्याची चाळण झाली, तेव्हा कुठे हात न थबकता पेनावर पडला. काकूंनी सही केली. शिकवण्यात त्यांनी एक टाका कच्चा ठेवला नाही. पोराशी त्यांचं भांडण नव्हतं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी वन्सं नव्या माणसांपुढे उभ्या राहतात. काकू पहिल्या रांगेत हातशिलाई घेऊन बसतात. एकदाही चुकवत नाहीत. परवा सांगताना वन्सं ओठांच्या सुजेवरून थेट हाकेवर आल्या. ऐकून एका तरुण बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, किती धीराने सांगता हो," तो म्हणाला.

वन्सं खुर्ची चाचपू लागल्या. काकूंनी दाताने दोरा तोडला आणि वर न बघता म्हणाल्या, "वाडगा राहिला, वन्सं."