डुबक्याची आई काय म्हणते

वरच्या ओळीतला दात, मधल्या दोघांच्या शेजारचा. गुलाबी मेणात बसवलेला, अंगठ्यानं केसाएवढा तिरका केलेला.

दारामागच्या खुंटीवर जाड लोकरीचा कोट. बाहेर डोळे दिपवणारं ऊन.

पाणमांजराचं एक पिल्लू धबधब्यावरून खाली पडतंय. पडता पडता आपल्याकडे बघतंय.

"आज विचारा. सांगून ठेवते, आज विचारा."

शू… हळू. आई झोपलीय.

चार्जर विसरून यायचं आणि कोट आठवणीनं आणायचा, असं कोण करतं?

त्यानं तो दात पुन्हा सरळ केला, दिव्यासमोर धरून पाहिला, आणि पुन्हा तिरका केला. सगळे दात सरळ ओळीत बसवले की कवळी लगेच ओळखू येते – शिपाई उभे केल्यासारखी दिसते – म्हणून एखादा तिरका ठेवायचा, एखाद्याची कड किंचित घासायची, एखाद्यावर पिवळसर झाक आणायची. ज्याच्या हाताखाली तो शिकला तो म्हातारा म्हणायचा, खऱ्यातली चूक खोट्यात घातली की कुणी शंका घेत नाही. म्हातारा स्वतः मात्र शेवटपर्यंत बोळकाच राहिला. कवळी टोचते म्हणायचा.

मेणाच्या कामाला आवाज नसतो. छोटा दिवा, पातळ सुरी, बोट. त्यामुळे भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि भिंतीपलीकडे गेला आठवडाभर दुपारी एकच सिनेमा चालू असतो. पोर बघते. पोर म्हणजे बत्तीस वर्षांची बाई – दुसऱ्यांनी काढलेल्या पुलांचे नकाशे तपासून, हा पूल उभा राहील की नाही ते सांगणं हा तिचा धंदा – पण ती आली तेव्हा दारात उभी राहून "काही नाही, आले" एवढंच म्हणाली, बॅग जुन्या खोलीत ठेवली, कोट खुंटीला अडकवला, आणि तेव्हापासून पोरच आहे. जेवते. अंघोळ करते. विचारलं त्याचं उत्तर देते. आणि जे विचारायला हवं ते कुणी विचारत नाही.

बायको सकाळी दारात घड्याळ बांधता बांधता बोलली. ती नर्स आहे, तिचं सगळं महत्त्वाचं बोलणं घड्याळ बांधताना होतं.

"अहो, तिच्या तोंडाला कुलूप, तुमच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली मी शोधायची का?"

"तूच विचार ना."

"माझ्याशी ती भांडते. तुमच्याशी नुसती बसते. म्हणून तुम्ही विचारा. जावई आज फोन करणारेत. परवा विचारत होते, कधीपर्यंत आहे ती. काय सांगू मी त्यांना? दिवसभर पेशंटशी गोड बोलायचं आणि घरी आल्यावर जावयाशी?"

"काय विचारू?"

"जातेयस की राहतेयस. एवढंच. दोन शब्दांचा प्रश्न आहे."

दोन शब्दांचा प्रश्न. पण तो असा विचारता येत नाही की त्यात उत्तर आधीच मिसळलेलं नसेल… जातेयस का म्हटलं की जा असं ऐकू येतं, राहतेयस का म्हटलं की किती दिवस असं ऐकू येतं. जावयाने मारलं का? नाही, तसं नसावं. तसं असतं तर सोपं होतं – सोपं, हा काय शब्द झाला, पण थकलेल्या माणसाला तोच सुचतो. बापाला राग यायला काहीतरी कारण लागतं, आणि इथे तर नुसता भर उन्हाळ्यात आणलेला कोट आहे.

भिंतीपलीकडे धबधबा.

पोर लहान होती तेव्हा घरात कार्टूनच्या चार टेपा होत्या. एक लठ्ठ पोलिसाची, एक शिंप्याचं दुकान चालवायला घेणाऱ्या बोक्याची, एक चंद्रावर भाजी विकायला गेलेल्या आजीबाईंची, आणि ही पाणमांजराची. पहिल्या तिन्हींवर पोर हसायची. हिच्यावर हसायची नाही, पण ताप आला की हीच, परीक्षा संपली की हीच, मैत्रिणीशी कट्टी झाली की हीच. बायकोला तेव्हा रविवारी रात्रपाळीनंतरची झोप असायची, शेजारच्याच खोलीत, मधे ही अशी भिंत. म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. आणि आवाज नसलेला सिनेमा पाच वर्षांच्या मुलीला दाखवायचा तर कुणीतरी बोलायला हवं – म्हणून मी बोलायचो. तिच्या कानाला तोंड लावून, कुजबुजत. पिल्लाचं नाव मीच ठेवलं, डुबक्या. बेडकाला पडसं मी दिलं. बगळा दर वाक्याला "म्हणजे बघा" म्हणायचा, कारण कवळ्यांची कामं पाठवणारे डॉक्टर तसं म्हणायचे. एकदा ते डॉक्टर घरी आले आणि "म्हणजे बघा" म्हणाले, तर पोर हसता हसता पलंगाखाली गेली.

खरे आवाज काय होते, तो सिनेमा मुळात काय बोलतो, हे मी कधी ऐकलंच नाही. ऐकायचं कारण काय? ओठ हलत होते, मी शब्द घालत होतो. ओठ बंद व्हायच्या आत वाक्य संपवायचं. त्यातही हात बसतो.

आणि मग मंगळवारी – मंगळवारीच, कारण हातात वकिलाची हीच कवळी होती – पोरीनं आवाज मोठा ठेवला, आणि भिंतीतून, ज्या बाईला त्यानं कधी ऐकलं नव्हतं तिचा आवाज आला. कोरडा, घोगरा, दमलेला.

"निघ. परत या काठाला येऊ नकोस. आता इथे तुझं काही नाही."

सुरी मेणातच राहिली. कुठला प्रसंग, हे त्याला पाण्याच्या आवाजावरून कळलं, कारण पुढे लगेच तो धबधबा आहे. डुबक्याची आई काठावर उभी राहते, तोंड मोठं उघडते, पुढचा पंजा लांब करते, डुबक्या मागे बघत बघत पाण्यात शिरतो. इतकी वर्षं त्याने तिच्या तोंडात घातलेलं वाक्य वेगळं होतं. जा, खेळून ये. अंधार पडायच्या आत ये.

त्याला वाटलं होतं, तो पंजा वाट दाखवतोय.

खरंच वाटलं होतं का?… कार्टूनमध्ये दात सुटे काढत नाहीत. एकच पांढरी पट्टी असते. दाताला दात वेगळा दाखवला की तोंड म्हातारं दिसतं नाहीतर दुष्ट दिसतं, हे काढणाऱ्यांना माहीत असतं, आणि मी दिवसभर नेमकं उलटं काम करतो म्हणून मलाही माहीत आहे. सबंध सिनेमात डुबक्याच्या आईला पांढरी पट्टी आहे. त्या एका प्रसंगात तिचे दात सुटे काढलेत. चार वर, चार खाली. मी दातांचा माणूस. मला दिसले होते ते. दिसल्यावर मी काय केलं, तर वाक्य लांबवलं – अंधार पडायच्या आत ये, आणि पाय पुसून ये – म्हणजे दात झाकेपर्यंत पुरेल.

प्राणी तसंच करतात म्हणे. पिल्लू मोठं झालं की हाकलतात. म्हणजे सिनेमा बरोबर होता.

दात तिरका. सरळ. तिरका.

लोक ही असली चित्रं परत परत का बघतात? थकलेला माणूस यावर विचार करू शकतो, कारण यात कुणाला काही ठरवायचं नसतं. खऱ्या माणसांच्या जुन्या सिनेमात मन रमत नाही – हा नट गेला, ही नटी कुठे असते आता, असल्या मोटारी आता दिसत नाहीत – पडद्यावर सगळी मेलेली आणि म्हातारी झालेली माणसं नाचत असतात. डुबक्या म्हातारा होत नाही. पण तेवढंच नसावं. पडतो आणि उठतो, चेंदामेंदा होऊन फुग्यासारखा भरून येतो, म्हणून? पोराटोरांना कळतं की तसं होत नाही… बहुतेक असं असावं की तिथे चुकून काहीच नसतं. काठावरचं गवत, बगळ्याचा चष्मा, ढग – कुणीतरी बसून, मान मोडून, मुद्दाम काढलेलं. कुणाच्या तरी मनात असल्याशिवाय तिथे पानसुद्धा हलत नाही. आणि आपल्या घरात? कोण कधी आलं, कोण काय बोलून गेलं, सगळं तोंडाला येईल तसं.

तोंडाला येईल तसं. चार वर्षांपूर्वी, याच दारात. ती निघाली होती, नव्या घरी, बॅगा खाली गाडीत गेल्या होत्या, जावई खालून हाका मारत होते, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला, "आता तेच तुझं घर." सगळे बाप म्हणतात. ते वाक्य माणूस बोलत नाही, ते आपोआप निघतं, शिंकेसारखं. आणि तिने एकदम त्याच्याकडे पाहिलं होतं – नाटकात समोरच्यानं भलतंच वाक्य घेतलं की पाहतात तसं. तेव्हा वाटलं, रडू येतंय तिला. मंगळवारपासून वाटतंय, ते रडू नव्हतं. मग काय होतं, ते कळत नाही.

"कुणाचे दात?"

ती दारात उभी होती. भिंतीपलीकडचा आवाज कधी थांबला त्याला कळलं नाही.

"एका वकिलाचे."

"मग धार लावून दे."

"ज्यादा पैसे पडतील म्हटलं. नको म्हणाले."

ती हसली नाही, पण आत आली, स्टुलावर बसली, टेबलावरचे सुटे दात बोटाने एका ओळीत लावू लागली. तो बघत राहिला. सरळ लावत होती. नकाशा तपासणारीचं बोट.

"तुझ्या आईने–"

"माहितीये. भिंत पातळ आहे, बाबा." तिने एक दात उलटा केला. "सकाळी सगळं ऐकलं. दोन शब्दांचा प्रश्न."

"मग?"

"मग काही नाही. तू विचारलास कुठे अजून?"

त्याने सुरी दिव्यावर धरली. दिव्याची ज्योत फडफडली.

"दिवा विझव ना," ती म्हणाली. "बाहेर चल. आवाज बंद करते. तू बोल."

"काय बोलू?"

"डुबक्या."

"मला नाही आठवत आता."

"तोंड उघडलंस की आठवेल."

"अगं, आवाज आहे ना त्याला. चांगला आवाज आहे. ऐकतेस ना तू रोज–"

"तो ऐकून झाला," ती म्हणाली.

तो कोचावर बसला. ती शेजारी, पाय वर घेऊन, पूर्वीसारखी, फक्त आता तिचे गुडघे त्याच्या खांद्याला लागत होते. पडदा हलू लागला. नदी, गवत, बगळा. बगळ्याची चोच उघडली आणि त्याच्या तोंडून, त्याला न विचारता, निघालं, "म्हणजे बघा…" तो कुजबुजत होता. घरात कुणी झोपलेलं नव्हतं. तरी कुजबुजत होता, आणि तिनेही कान जवळ आणला होता. बेडकाचं पडसं आठवलं. मासा कोण होता ते आठवेना, तर मासा गप्पच राहिला. "मासा रुसलाय आज," ती म्हणाली. "जावई आहे तो कुणाचा तरी," तो म्हणाला – म्हणाला आणि जीभ चावली. ती मात्र नाकातून हसली, आठवड्यात पहिल्यांदा.

आणि काठ आला. डुबक्याची आई उभी राहिली, तोंड उघडलं. चार वर, चार खाली. त्याचं तोंड मात्र मिटलेलंच. वाक्य होतं, जिभेच्या टोकावर दोन्ही होती, एक माझं, एक खरं, आणि तिने दोन्ही ऐकलीत, आता कुठलं बोललं तरी दुसरं ऐकू येणारच… पंजा लांब झाला. डुबक्या पाण्यात शिरला. धबधबा, आवाजाशिवाय.

तिने सिनेमा मागे घेतला. डुबक्या पाण्यातून उलटा वर आला, उलटं उलटं काठावर चढला, आईचं तोंड मिटलं, दात गेले, पट्टी झाली.

"बोल," ती म्हणाली. पडद्याकडेच बघत.

पडद्यावर तोंड उघडलं.

"जा," तो म्हणाला. "खेळून ये." पंजा लांब झाला. "अंधार पडायच्या आत ये. आणि झालाच अंधार, तर झाला. दार लोटलेलंच असतं."

पंजा अजून हवेत होता. आज वाक्य लांबलं होतं.

"हे नवीन घातलंस," ती म्हणाली.

"कुठलं?"

"दार. नदीला दार असतं होय?"

"असतं."

"आणि पाय?"

"काय पाय?"

"पाय पुसून ये. ते राहिलं."

"पुसून ये," तो म्हणाला.

आतल्या खोलीत, आईच्या चार्जरला लावलेला तिचा फोन वाजू लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजू लागला. तिने ऐकला असणार, भिंत पातळ आहे. त्याने विचारलं नाही. बायको आली की विचारेल, विचारलंत का, आणि नाही म्हणावं लागेल, आणि तरी नाही म्हणणं अगदी खरं होणार नाही… जबडा दुखत होता, इतकी वाक्यं त्याने कितीतरी दिवसांत सलग बोलली नव्हती. थकवा होताच. पण सकाळपासून तो थकवा कोटासारखा बाहेर लटकत होता, दिसेल असा, आता कुणीतरी तो अंगात घालून शेजारी बसलं होतं. डुबक्या पडत होता. पडता पडता त्याने दोघांकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य कुणाचं आहे ते आठवायला बापाला थोडा वेळ लागला.

पोर सात वर्षांची असताना, तो कवळी पोचवायला गेला होता अशा एका रविवारी, रात्रपाळी नसलेल्या तिच्या आईने आणि तिने तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत आवाज मोठा करून पाहिला होता. त्याला हे कुणी कधी सांगितलं नाही.