शेंदराखालची तिसरी ओळ

मित्रांनो, पालघरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर पाचशे वर्षं ऊन खाल्लेला मी एक जुना दगड आहे, आणि सध्या फार चिडलेला आहे. तुमच्यावर नाही. निदान अजून तरी नाही.

कुण्या राजाच्या पाथरवटाने माझ्या अंगावर चार ओळी कोरल्या. तिसरीत स्वच्छ लिहिलंय की बोंबील वाळवायचं खळं कोळ्यांचं, ते कुणी घेऊ नये. पुढे वाचणारे संपले आणि मी देव झालो! दर नारळी पुनवेला तेल-शेंदराचा नवा थर. अक्षरं बुजली, वर कुणीतरी मला चांदीचे डोळेही बसवले.

दोन-तीन वर्षांपूर्वी, १९६६ साली, त्या खळ्यावर वखार बांधायला एका ठेकेदाराने अर्ज केला. शेंदराखाली अक्षरं असणार हे ताडून शाळेचे एकनाथ मास्तर मला उचलून शाळेमागच्या खोलीत घेऊन आले. दारावर पाटी लावली, 'संग्रहालय'. माझ्या एकट्याचं, बरं का! महिनाभर रॉकेल आणि काथ्या घेऊन ते मला घासत होते. तिसरी ओळ उघडी पडली तेव्हा मास्तर अक्षरशः नाचले. त्यांनी ती कागदावर उतरवून पालघरच्या कचेरीत पाठवली, पण तिथल्या साहेबांना ती दगडावरच पाहायची होती.

साहेब यायचे त्याच सकाळी जमना आली. तिचं घर त्या खळ्यावरच चालायचं. मला पाहून तिने कपाळावर हात मारला.

"मास्तर, देवाला उघडा केला तुमी?"

"जमनाबाय, हात लावू नका. ही अक्षरंच तुमचं खळं वाचवतील."

"अक्षरं काय राखतात? देव राखतो!"

तेवढ्यात जीप वाजली, मास्तर बाहेर धावले. जमनाने तेलात शेंदूर कालवला आणि अंगठ्याने दाबून दाबून अक्षरांत भरला. "देवा, माजं खळं राख." अगं बाई, राखणारी ओळच बुजवतेस की! मी आतल्या आत किंचाळत होतो. दगडाचं ऐकतो कोण?

मास्तरांनी पुसायला फडकं उचललं, तर जमनाच्या मागोमाग दारात जमलेल्या कोळीवाड्यातल्या बाया आडव्या झाल्या. साहेब म्हणाले, "देवाच्या भानगडीत मी पडत नाही." आणि 'मजकूर दिसत नाही' असं लिहून निघून गेले.

वखार झाली. जमना आता दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरीने बोंबील वाळवते.

मित्रांनो, जुन्या दगडाला हात खुशाल जोडा, पण आधी त्याला वाचा. जमना अजून येते, डोकं टेकवते आणि म्हणते, "जाऊं दे देवा, तुज्याच मनात नव्हतं."

होतं गं बाये. अंगावर लिहून ठेवलं होतं.